आधी मॅट, मग स्लीपिंग बॅग

वाचकाचं पत्र:

मी मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. वय ४८. कॉलेजात असताना रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई भरपूर फिरले. मग संसारात ते मागे पडलं. येत्या जुलैअखेरीस मी आणि माझी मैत्रीण जॉन म्युअर ट्रेल चालणार आहोत. परमिटच्या सोडतीत नाव लागलंय. योसेमिटीतून निघून माउंट व्हिटनीपर्यंत, साधारण बावीस दिवस. गाडी अडलीये स्लीपिंग बॅगवर. दुकानातल्या मुलाने "बायकांना थंडी जास्त वाजते" म्हणत उणे १८ अंशांची बॅग काढून दाखवली, वजन दीड किलो. मैत्रीण म्हणते, उन्हाळाच तर आहे, ४ अंशांचा क्विल्ट, म्हणजे रजईसारखं पांघरूण, पुरे. घरात पुण्याहून आणलेली जुनी बॅग आहे, पण ती दोन किलोंची. त्यात सध्या माझं रात्रीचं तंत्र बिघडलेलं: मध्येच अंगातून वाफा निघतात, पांघरूण भिरकावते आणि तासाभराने पाय गारठतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे पिसांच्या बॅगेत झोपायला मन घेत नाही. आणि पिसं ओली झाली तर? नेमकं काय घेऊ?

नमस्कार ताई,

उणे १८ ची बॅग घेऊ नका आणि ४ अंशांचा क्विल्टही नको. तुमच्यासाठी 'कम्फर्ट' आकडा (न कुडकुडता झोप लागेल ते तापमान) उणे २ ते उणे ४ अंशांच्या दरम्यान असलेली, एक किलोच्या आतबाहेरची, पायापर्यंत चेन उघडणारी बॅग बघा. आणि ती घेण्याआधी चांगली मॅट घ्या. पैसे कमी पडले तर काटछाट बॅगेत करा, मॅटमध्ये नको. आता हे का, ते सांगते.

सुरुवात वाटेपासून. जॉन म्युअर ट्रेल सुमारे ३४० किलोमीटरची. योसेमिटी व्हॅलीतल्या हॅपी आइल्सपासून ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत. सुरुवातीचा चढ सोडला तर बहुतेक वाट अडीच हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाईचा निम्मा डोंगर ठेवला तरी तुम्ही त्याच्याही वरच झोपणार. जुलैअखेर आणि ऑगस्टात तिथे दुपारी टी-शर्टवर घाम येतो आणि रात्री पारा साधारण २ ते ७ अंशांत असतो. पण उंचावरच्या तळ्यांकाठी एखाद्या पहाटे तो शून्याला किंवा किंचित खाली जातो, तंबूवर दंव गोठतं, बाटलीत बर्फाचे पापुद्रे दिसतात. हे भर उन्हाळ्यातही होतं. शिवाय वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे चढत जाते. म्युअर, मेथर, पिंचो, ग्लेन या खिंडी साडेतीन हजार मीटरच्या वर, फॉरेस्टर तर ४,००९ मीटर. व्हिटनीच्या आधीचा मुक्काम बहुतेक जण गिटार लेकला करतात, तोही साधारण साडेतीन हजारांवर. थोडक्यात, सर्वांत गार रात्री तुम्हाला शेवटच्या आठवड्यात भेटतील, अंग सर्वांत दमलेलं आणि वाळलेलं असताना. मैत्रिणीचा ४ अंशांचा क्विल्ट पहिल्या चार रात्री छान वाटेल. खरी परीक्षा त्यानंतरची.

उलट, उणे १८ ही हिवाळ्यातल्या बर्फाची बॅग. त्यात तुम्ही रोज घामाने भिजाल, आणि तिचं जास्तीचं अर्धा किलो प्रत्येक खिंडीवर चढवाल. तुमच्या वाफा बघता तर ती मुळीच नको.

आता बॅगेवरचे आकडे. याच जागी लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा थांबून वाचा. बॅगेच्या नावात जो आकडा असतो, म्हणजे 'अमुक २०' किंवा 'तमुक ३०', तो फॅरनहाइटमध्ये असतो आणि बऱ्याचदा तो कम्फर्टचा आकडा नसतो. चाचणीची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ २३५३७. तिच्याआधी युरोपची ईएन १३५३७ होती. तापवलेला, सेन्सर लावलेला माणसाच्या आकाराचा पुतळा बॅगेत ठेवून मोजमाप करतात आणि त्यातून तीन आकडे काढतात. 'कम्फर्ट' म्हणजे सर्वसाधारण स्त्री अंग सैल सोडून, न कुडकुडता झोपेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाची जुडी करून कशीबशी रात्र काढेल ते. आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव वाचेल, पण हिमदंश होऊ शकेल असं तापमान. तो आकडा खरेदीसाठी नाहीच, त्याच्याकडे बघूही नका. कम्फर्ट आणि लिमिट यांत साधारण पाच-सहा अंशांचा फरक पडतो. '२० फॅरनहाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा बॅगांचं लिमिट उणे ७ सेल्सिअसच्या आसपास असतं आणि कम्फर्ट मात्र उणे १ किंवा तेवढंच. बायकांसाठी बनवलेल्या बॅगांवर काही कंपन्या कम्फर्टचा आकडा नावात घालतात, काही घालत नाहीत. म्हणून नाव सोडा, आतल्या बाजूला शिवलेलं लेबल किंवा कंपनीचा तक्ता उघडा आणि 'कम्फर्ट' या शब्दासमोर काय लिहिलंय तेवढंच वाचा. दुकानातला मुलगा बायकांबद्दल जे बोलला त्यात तथ्य आहे. पण ते कम्फर्टच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. दुसऱ्यांदा धरायची गरज नाही. तुम्हाला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजत असेल तर दोन-तीन अंश अधिक घ्या, पंधरा नव्हे. उणे २ ते उणे ४ असं मी म्हटलं, त्यात हे दोन-तीन अंश धरलेले आहेत.

छोट्या कारागिरी कंपन्यांच्या क्विल्टवर बहुधा अशी प्रयोगशाळेतली चाचणी केलेली नसते. आकडा त्यांनी स्वतः ठरवलेला असतो. त्यांचा माल उत्तम असतो, पण ते सांगतात त्यापेक्षा सहा-सात अंश जास्त उबेचा घ्यावा, असं अनुभवी लोक सांगतात आणि मलाही ते पटतं.

आणखी एक गोष्ट त्या पुतळ्यात दडलेली आहे. चाचणीत तो अंगात थर्मल घालून, खाली चांगली मॅट टाकून झोपवलेला असतो. म्हणजे बॅगेवरचा आकडा मॅटसकटचा आहे! तुम्ही पातळ फोमची कॅरीमॅट घेऊन गेलात तर तो आकडा तुमच्यापुरता खोटा ठरला. स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. अंगाची ऊब पिसांत अडकलेल्या हवेत धरून ठेवते. आपण ज्या बाजूवर झोपतो तिथली पिसं वजनाने दबून चपटी होतात, हवा निघून जाते. म्हणजे पाठीखाली बॅग जवळजवळ नाहीच, असलीच तर कापडाचे दोन पदर. जमिनीपासून जे वाचवायचं ते मॅटनेच.

सह्याद्रीत गुहेत किंवा देवळाच्या फरशीवर झोपताना "पाठ गार पडली" म्हणतो ना, तेच इथे होतं, फक्त इथे फरशीऐवजी ग्रॅनाइट. मॅटची ऊब 'आर' आकड्याने मोजतात आणि २०१८ पासून त्यालाही एक समान अमेरिकन मापनपद्धत आली आहे, एएसटीएम एफ ३३४०. त्यामुळे आता दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. घड्या घालायची फोमची मॅट सुमारे २ ची असते. हवा भरायच्या हलक्या मॅटमध्ये साडेचारपर्यंतच्या सहज मिळतात आणि वजन अर्ध्या किलोच्या आत राहतं. तुमच्यासाठी ४ च्या वरचीच घ्या. कुशीवर झोपत असाल तर जाड घ्या, नाहीतर खुबा जमिनीला टेकतो. हवेची मॅट ग्रॅनाइटच्या कचीवर फुटू शकते. दुरुस्तीची चिकटपट्टी सोबत असू द्या. फोमचा एक छोटा तुकडा मॅटखाली घातला की भोकांपासून बचाव होतो आणि 'आर'ची बेरीजही होते: ४ आणि १ मिळून ५. दुपारी बसायलाही तोच.

वाफांचा प्रश्न तुम्ही मोकळेपणाने लिहिलात हे फार चांगलं केलंत, कारण बॅगेची निवड त्यावरच ठरते. हलक्या बॅगा वजन वाचवायला अर्धीच चेन लावतात, काहींना चेन नसतेच. तुम्हाला ते चालणार नाही. चेन खांद्यापासून घोट्यापर्यंत हवी आणि दोन्ही टोकांनी उघडणारी हवी, म्हणजे वाफा आल्या की खालून पाय बाहेर काढता येतील आणि छाती झाकलेली राहील, किंवा पूर्ण उघडून ती नुसती अंगावर घेता येईल. दुकानात बॅगेत आत शिरून, अंधार आहे असं समजून, डोळे मिटून एका हाताने चेन खाली-वर करून बघा. चेनच्या आतल्या कडेला पिसांची एक जाड पट्टी शिवलेली असते, तिने वारा अडतो. ती चेनच्या दातांत अडकत असेल तर ती बॅग परत ठेवून द्या. रात्री दोन वाजता हा एकच दोष तुमची झोप घालवेल. मानेभोवती पिसांची कॉलर असेल तर उत्तम: वाफा ओसरल्यावर दोरी ओढली की खांदे पुन्हा झाकले जातात.

क्विल्टबद्दलही सांगते, कारण मैत्रिणीची कल्पना चुकीची नाही, आकडा कमी पडतोय. क्विल्ट म्हणजे पायाशी पिशवी केलेली रजई. पाठीखालचा भाग, जो तसाही दबतो, काढूनच टाकलेला. वजन वाचतं आणि वाफा आल्या की झटक्यात बाजूला सारता येतो. पण कूस बदलली की कडेने गार वारा शिरतो. पट्ट्यांनी तो मॅटला बांधावा लागतो आणि डोक्याला वेगळी जाड टोपी लागते. रात्री फार चुळबुळ करणाऱ्या माणसाला पहिल्याच मोठ्या वाटेवर मी क्विल्ट सुचवत नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की पांघरूण भिरकावता आणि तासाभराने पाय गारठतात. तेव्हा पूर्ण चेनची बॅग. गरमीच्या रात्री ती उघडली की क्विल्टच झाली. मैत्रीण शांत झोपणारी असेल तर तिला उणे ७ च्या आसपासचा क्विल्ट घेऊ द्या.

आता पिसं. डाऊन म्हणजे बदक-हंसांच्या पोटाखालचा मऊ कापूस, लांब पिसं नव्हेत. तो मुख्यतः मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांचा येतो. जिवंत पक्ष्याची पिसं उपटण्याचे प्रकार होतात. 'आरडीएस' हे प्रमाणपत्र असलेल्या मालात ते आणि कोंबून खाऊ घालणं यांना मनाई आहे. पण पक्षी मारलेलाच असतो, हे प्रमाणपत्राने बदलत नाही. याचं उत्तर मी तुमच्या वतीने देऊ शकत नाही, देऊही नये. मन घेत नसेल तर कृत्रिम तंतूंची घ्या आणि कुणाचंही ऐकू नका. किंमत एवढीच की तेवढ्याच उबेला साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम जास्त वजन, सॅकमध्ये जास्त जागा, आणि वारंवार दाबून भरल्याने दोन-चार मोसमांत तिचा फुगवटा कमी होतो. क्लायमाशील्ड एपेक्स नावाचं एक कृत्रिम अस्तर वापरून केलेले क्विल्ट त्यातल्या त्यात हलके असतात. पिसं नकोच ठरलं तर वर क्विल्टबद्दल जे म्हटलं ते बाजूला ठेवून तेही बघा.

जागेचा मुद्दा तुमच्या वाटेवर खराच महत्त्वाचा आहे. ट्रेलच्या बहुतांश भागात अन्नासाठी अस्वलांना न उघडणारा कडक डबा, बेअर कॅनिस्टर, सक्तीचा आहे. त्याचं वजन एक किलोच्या वर आणि तो दाबला तरी दबत नाही. वाटेजवळच्या म्युअर ट्रेल रँचला शिधा भरून घेतला की पुढच्या आठ-नऊ दिवसांच्या अन्नाने तो काठोकाठ भरेल आणि सॅकचा मधला भाग त्याचाच. त्याच्या खाली डाऊनची बॅग पाहिजे तशी कोंबता येते. तुमची जुनी दोन किलोंची बॅग मुळात तिथे मावणारच नाही, म्हणून तिचा विचार या वाटेपुरता सोडा. गाडीने कॅम्पिंगला जाताना ती मस्त आहे.

डाऊन घेतलं तर आकड्यांत एक गंमत बघायची असते. ६५०, ८००, ९०० हे 'फिल पॉवर'चे आकडे म्हणजे ठरावीक वजनाचं डाऊन किती जागा व्यापेल त्याचं माप. जास्त आकडा म्हणजे तेवढ्याच उबेला कमी वजन. पण ९०० चं थोडंसं डाऊन भरलेली बॅग ६५० चं भरपूर भरलेल्या बॅगेपेक्षा गार असू शकते. म्हणून बॅगेचं एकूण वजन आणि त्यात भरलेल्या डाऊनचं वजन, दोन्ही विचारा. ८०० ते ८५० मध्ये किंमत आणि वजन यांचा बरा मेळ बसतो.

ओलं होण्याची तुमची भीती सह्याद्रीतली आहे आणि तिथे ती शंभर टक्के बरोबर आहे. पावसाळ्यात रतनगडावर डाऊन नेऊच नये. धुक्यानेच ते लिबलिबीत होतं, गोळे बांधतं आणि ऊब संपते. सिएरा नेवाडाचा उन्हाळा मात्र कोरडा. दुपारी विजा-गडगडाटाचा पाऊस, गारा येतात, पण बहुतेकदा तासा-दोन तासांत आभाळ मोकळं होतं. खरा धोका पहाटेच्या दवाचा आणि तंबूच्या आत साचणाऱ्या आपल्याच श्वासाच्या बाष्पाचा. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तिच्यात बॅग, तोंड पिळून खोचून टाका. नुसत्या सॅकच्या पावसाळी कव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीकडून आत शिरतं. आणि रोज दुपारी जेवायला थांबलात की बॅग उलटी करून कोरड्या दगडावर अर्धा तास उन्हात पसरा. रोज थोडा ओलावा साठत गेला तर आठवड्याने बॅग दोन-तीन अंशांनी गार झालेली असते. तोंड मात्र बॅगेच्या आत घालून झोपू नका, श्वासाने आतूनच ती भिजते. नाक बाहेर, टोपी खाली.

मुक्कामाची जागा निवडणं हे फुकटचं पांघरूण आहे. गार हवा जड असते, रात्री ती उतरून कुरणात आणि तळ्याच्या काठी साचते. ट्युओलमी मेडोजसारख्या सपाट कुरणाच्या कडेला पहाटे दंव असतं आणि थोडं वर, झाडांच्या आडोशाला, काहीच नसतं. पाण्यापासून आणि वाटेपासून शंभर फूट दूर राहायचा नियम तिथे आहेच. तो पाळताना थोडं वरच्या अंगाला सरका. जुलैअखेरीला डासही पाण्याजवळच जास्त असतात.

झोपण्याआधी पोटात काहीतरी स्निग्ध पडू द्या. शेंगदाण्याची चिक्की किंवा तूप घातलेला लाडू रात्रभर आतून ऊब देत राहतो. पण खाणं तंबूबाहेर, आणि उरलेलं, अगदी कागदासकट, टूथपेस्टही, पुन्हा कॅनिस्टरमध्ये आणि कॅनिस्टर तंबूपासून शंभर फूट लांब. उशाशी चिक्कीचा तुकडा ठेवायचा नाही म्हणजे नाही. तिथली अस्वलं वासावर येतात. लघवीला जाऊन या, कंटाळा करू नका. दिवसभर चाललेले मोजे काढून फक्त झोपेसाठी राखलेले कोरडे लोकरीचे मोजे घाला. ती जोडी कितीही मोह झाला तरी चालायला वापरायची नाही. फार गारठलात तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून ती पायाशी ठेवा.

बॅगेची लांबी-रुंदीही बघा. उंचीपेक्षा फार लांब बॅग घेतली तर पायाशी रिकामी जागा राहते आणि ती तापवण्यात अंगाची ऊब जाते; फार तंग घेतली तर गुडघे-खांदे आतून पिसांना दाबतात. बायकांच्या बॅगा खांद्यात अरुंद, कमरेत रुंद असतात आणि पायाशी जास्त भरलेल्या. तुमच्या गारठणाऱ्या पायांसाठी तीच घ्या.

घेतल्यावर टॅग न काढता आधी घरच्या मागच्या अंगणात मॅटसह झोपून बघा. मार्चमध्ये फ्रीमाँटला रात्री सात-आठ अंश असतात. मग मेमध्ये एखाद्या शनिवारी टाहोजवळच्या कॅम्पग्राउंडवर जा. तिथे तेव्हा रात्री शून्याच्या आसपास जातं आणि गाडी दहा पावलांवर असते. वाफा येतात तेव्हा चेन कशी वापरायची, थर्मल घालून की न घालता, हे सगळं तिथे बसवून घ्या. परत आणण्याची मुदत मोठी असलेल्या दुकानातूनच खरेदी करा, म्हणजे तिथे गारठलात तर बदलता येईल. छोट्या कंपनीकडून मागवणार असाल तर ती माणसं ऑर्डर आल्यावर शिवायला घेतात, अनेक आठवडे लागतात. तेव्हा मॅट या आठवड्यात आणि बॅगेची ऑर्डर मार्च संपायच्या आत देऊन टाका.